परवाना : एका अर्जाच्या निमित्ताने

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी प्लास्टिकची फाइल घेऊन अंबरनाथला घरी आला. उल्हासनगरात त्याचं जीन्स शिवण्याचं छोटं युनिट आहे, थोडं काम तो बदलापूरला घरोघरी शिवायला देतो. शनिवार हा पगाराचा दिवस, आणि कारागीर अजूनही रोखच मागतात. मागच्या पावसाळ्यात कल्याण–बदलापूर रस्त्यावर दोन पोरांनी त्याची मोटरसायकल अडवली, चाकू दाखवला आणि बॅग नेली. जीव वाचला. पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे : पिस्तुलाचं लायसन्स काढायचं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे मोहल्ल्यातले अर्ज माझ्याकडे येतात. रेशनकार्डातली नावं, वारसनोंद, शाळा सोडल्याच्या दाखल्यातल्या चुका, हे सगळं करून झालंय. पिस्तुलाचा अर्ज पहिल्यांदाच आला. आम्ही दोघं बसलो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, जवळचं पोलीस ठाणं, धंदा, कधी शिक्षा झाली आहे का, हत्यार ठेवायला घरात सुरक्षित जागा कुठे आहे. मग एका रकान्यापाशी तो थांबला : हत्याराची गरज का आहे?

“सर, यात काय लिहायचं?” मी म्हटलं, जे घडलं ते लिही. तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “नाव बघून नाकारणार नाहीत ना?”

मी म्हटलं, “फॉर्ममध्ये धर्माचा रकाना नाही.”

“नावाचा आहे ना, सर.”

त्याला मी त्या दिवशी चहा दिला, उत्तर दिलं नाही. तेव्हापासून मी या कायद्याचा इतिहास चाळतो आहे. आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त काळ हत्याराचा कायदा हत्याराबद्दल थोडंच बोलतो. सरकारचा कोणावर भरवसा आहे आणि कोणावर नाही, हे तो जास्त सांगतो.

सुरुवात शब्दापासून करतो, शिक्षकाची खोड आहे. ‘परवाना’ हा फारसी शब्द मराठीने हुकूमनामा, परवानगीचा कागद या अर्थाने घेतला. उर्दू शायरीत मात्र परवाना म्हणजे दिव्यावर झडप घालून जळणारा पतंग. वर्गात हे दोन अर्थ सांगितले की मुलं हसतात. तसाच ‘शिलेदार’. अरबीत ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, त्याचं अनेकवचन ‘असलहा’. उत्तर प्रदेशात अजून ‘असलहा लायसन्स’ म्हणतात. सिलाहदाराचा मराठीत शिलेदार झाला : स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार. बारगीराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा स्वतःचा असायचा, म्हणून शिलेदाराचा रुबाब वेगळा. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे बंदूकधारी होते, तेही आपापल्या सरदाराच्या जिवावर. तेव्हाच्या राज्यांना हत्यारबंद माणूस ही रोजची गोष्ट होती. त्याला फौजेत घ्यायचा की त्याच्याशी लढायचं, एवढाच प्रश्न असे.

हे बदललं १८५७ मध्ये. बंड सुरू असतानाच कंपनी सरकारने लोकांकडची हत्यारं नोंदवून काढून घेण्याचा कायदा केला. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या हलगली गावच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौज आली, गाव जाळलं गेलं आणि कित्येकांना फाशी झाली. हलगली आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात १८५७ म्हणजे मेरठ, झाशी आणि कानपूर, हलगली नाही. कोणत्याही शहराच्या गादीसाठी नव्हे, घरातल्या तलवारीसाठी आणि बंदुकीसाठी मेलेली ती माणसं.

पक्का कायदा आला १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच लिटनने आणला. लेखणी आणि बंदूक एकाच वर्षी कुलुपात. या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला हत्यार ठेवायला परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना मात्र सूट होती. काही राजे, मोठे जमीनदार आणि कुर्गचे लोकही सुटीच्या यादीत होते. म्हणजे डुकराने शेत उकरलं तर गावच्या पाटलाने अर्ज करायचा, आणि शिकारीला आलेल्या साहेबाने नुसती बंदूक खांद्याला लावायची. बंदूक तीच असली तरी ती कोणत्या रंगाच्या हातात आहे यावर कायदा ठरायचा.

पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन उठले. नंतर निजामाच्या मुलखात जाऊन ते रोहिल्यांची जुळवाजुळव करत होते. त्यांपैकी कोणीही लिटनच्या कायद्याखाली अर्ज केला नव्हता, हे सांगायला नकोच. कायदा अडवतो तो अर्ज करणाऱ्याला.

या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने ठराव केला तो १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनात. अध्यक्ष होते बद्रुद्दीन तय्यबजी. मुंबईचे सुलेमानी बोहरा, विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर. ज्या अंजुमन-ए-इस्लामच्या शाळांतून आपल्यापैकी किती जण शिकले, ती १८७४ मध्ये उभी करणाऱ्यांत ते होते. पुढे १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. मद्रासच्या ठरावाचा आशय असा होता की या कायद्याने लोकांना त्रास होतो, आणि राजनिष्ठ जनतेवर विनाकारण बट्टा लागतो, म्हणून सरकारने तो बदलावा. मला त्यातला बट्टा हा भाग मोलाचा वाटतो. तय्यबजींना किंवा त्या मंडपातल्या वकिलांना बंदूक घेऊन फिरायचं नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं : तुम्ही आम्हाला न तपासताच संशयित ठरवलंत.

माझ्या विद्यार्थ्याच्या ‘नावाचा आहे ना’ या तीन शब्दांत तेच दुखणं आहे. म्हणून मला तो ठराव जुना वाटत नाही.

गांधीजींचं नाव इथे येईल असं अनेकांना वाटणार नाही. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी त्यांनी जे पत्रक काढलं, त्यात शस्त्र कायद्याला इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणलं होतं. आत्मचरित्रात हा प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवला आहे. आणि जानेवारी १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतली शेवटची होती ती स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्या, पण त्यावर लोकांचं नियंत्रण असू द्या, ही. अहिंसेच्या माणसाची ही मागणी वाचून मुलं गोंधळतात. मी त्यांना सांगतो, हत्यार न उचलणं आणि हत्यार उचलायची मनाई असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमची निवड असते.

१९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला लिहिलेला होता. मग तो आपल्या राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामथांनी दुरुस्ती सुचवली होती की हा हक्क घाला. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा मुद्दा साधा होता : प्रत्येकाला बाजारात जाऊन मारण्याची साधनं बेधडक विकत घेण्याचा हक्क दिला, तर राज्य चालवायचं कसं? दुरुस्ती पडली.

मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. ज्या समाजाला दंगलीत एकगठ्ठा मार खावा लागतो, त्यातल्या काहींना वाटतं की प्रत्येक घरात हत्यार असतं तर बरं झालं असतं. मला तसं वाटत नाही. प्रत्येक घरात हत्यार आलं तर संख्येने मोठ्या असलेल्यांच्या घरात जास्त येतं, हे गणित चौथीच्या मुलाला कळेल. आंबेडकरांनी हक्क नाकारला आणि निर्णय राज्याच्या हातात दिला. त्याबरोबर राज्याने निर्णय द्यावा ही जबाबदारीही आली, आणि गाडी नेमकी तिथे अडकते.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, तो आजही चालू आहे. तो आणताना सरकारने उद्दिष्टांच्या निवेदनात मान्य केलं की जुना कायदा सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता. नव्या कायद्यात काही कलमं खरोखर चांगली आहेत. कलम १४ म्हणतं, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. पुढे म्हणतं, नाकारलात तर कारणं लेखी नोंदवा आणि अर्जदाराने मागितली तर थोडक्यात द्या. सार्वजनिक हिताला बाधक असेल तरच रोखून ठेवा. कलम १८ नुसार नाकारल्याच्या आदेशावर अपील करता येतं.

आता माझ्या मामूंची गोष्ट सांगायला हवी, कारण हा कायदा मी पुस्तकातून शिकण्याआधी त्यांच्या ओटीवर शिकलो.

मामूंचं गाव कोकणात. नानांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावरची. रात्री डुकरं आली की नाना मळ्यात जाऊन हवेत बार काढायचे. आम्हा मुलांना त्या बंदुकीला हात लावायची परवानगी नव्हती, दारूच्या वासाला मात्र कोण अडवणार! १९९४ मध्ये नाना गेले. मालक गेला की हत्यार बेकायदा होतं, ते जमा करावं लागतं. मामूंनी दुसऱ्याच आठवड्यात ते ठाण्यात जमा करून पावती घेतली आणि आपल्या नावाने अर्ज केला. सातबारा जोडला, पोलीस पाटलांनी शिफारस दिली.

मग ‘अहवाल यायचा आहे’ सुरू झालं. अहवाल म्हणजे पोलिसांचा. तालुक्याला गेलं की सांगायचे जिल्ह्याला गेला, जिल्ह्याला गेलं की सांगायचे तालुक्यातून आला नाही. साहेब बदलले की कागद पुन्हा मागायचे. मामू दर पावसाळ्याआधी एक फेरी मारायचे, एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा त्यांनी फाइललाच टाचून ठेवला होता. डुकरांना रताळी फार आवडतात. मामूंनी आधी रताळी बंद केली, मग खालच्या मळ्यातली नाचणी. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला, तेव्हा मीच त्यांना अर्ज लिहून दिला. उत्तर एका ओळीचं आलं : अहवाल अप्राप्त, प्रकरण प्रलंबित. बारा वर्षं झाली होती.

मामूंची पक्की समजूत होती की हे १९९३ मुळे आहे. मुंबईचे स्फोट, नंतर टाडा, आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरलेला माल. त्या वर्षानंतर किनारपट्टीवरच्या मुसलमानाला बंदूक कोण देणार? मला ते पटायचं. पण शेजारच्या वाडीतल्या एका मराठा शेतकऱ्याचा अर्जही तसाच पडून होता. त्याची समजूत होती की पैसे न दिल्यामुळे. आणखी एकाला वाटायचं, सरपंचाशी भांडण आहे म्हणून. तिघांनाही कोणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. कारण लिहून मिळालं नाही की प्रत्येक जण आपापल्या भीतीतून कारण काढतो. मामूंची भीती खोटी होती असं मी म्हणू शकत नाही, खरी होती असंही सिद्ध करू शकत नाही.

आणि अपील? अपील आदेशावर होतं. आदेशच नाही तर अपील कशावर करणार? उच्च न्यायालयात जाऊन ‘निर्णय द्यायला सांगा’ म्हणता येतं, पण एका ठासणीच्या बंदुकीसाठी मुंबईचा वकील कोण लावतो! ‘नाही’ लिहून आलं असतं तर मामूंना पुढची पायरी चढता आली असती. न लिहिलेल्या नकाराने तीही काढून घेतली. २००९ मध्ये मामू गेले. ठाण्यात जमा केलेल्या बंदुकीचं काय झालं कोणी विचारलं नाही. पावती माझ्याकडे आहे.

कायद्याला हा उशीर माहीत नव्हता असं नाही. पोलीस अहवाल मुदतीत आला नाही, तर परवाना अधिकारी त्याची आणखी वाट न बघता आदेश काढू शकतो, अशी तरतूद कलम १३ मध्ये ऐंशीच्या दशकातच घातली गेली. ‘काढू शकतो’, ‘काढेल’ नव्हे. व्याकरणात आम्ही याला शक्यार्थ म्हणून शिकवतो, कचेरीत त्याचा अर्थ ‘कशाला अंगावर घ्या’ असा होतो. शिवाय २०१० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने धोरण कडक केलं, पोलीस पडताळणीशिवाय परवाना नको अशी तंबी दिली. मग कोण अधिकारी अहवालाविना सही करणार? उद्या त्या बंदुकीने काही घडलं तर सही त्याची. बिचाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. ‘हो’ म्हणण्यात धोका, ‘नाही’ म्हणण्यात कारण लिहायचं काम, गप्प बसण्यात काहीच नाही.

१९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंनी या गप्प बसण्यावर जालीम औषध काढलं. साधं हत्यार बाळगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि तीन महिन्यांत अर्ज निकाली काढला नाही तर परवाना मिळाला असंच समजावं, असा त्यांचा निर्णय होता. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो रद्दबातल केला. मला पूर्णपीठाचं म्हणणं पटतं. न तपासता आपोआप मिळालेलं पिस्तूल ही भयंकर कल्पना आहे. पण काटजूंचा राग कशाचा होता, ते मामूंची फाइल पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी आकडे घातले. पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा, आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्याने आदेश काढायचा, हो किंवा नाही. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे करून घेण्याची सोय झाली. हे वाचताना नाना आठवले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंतची कैद लिहिली.

आमच्या भागात अर्ज कुठे जातो हेही सांगतो, कारण त्यात लोक फसतात. पोलीस आयुक्तालय असेल तिथे परवाना देतात पोलीस आयुक्त, नसेल तिथे जिल्हाधिकारी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. पण बदलापूरच्या आसपासच्या गावांना कुळगाव पोलीस ठाणं आहे, ते ठाणे ग्रामीणमध्ये. म्हणजे एकाच स्टेशनवर उतरणारे दोन शेजारी दोन वेगळ्या कचेऱ्यांचे अर्जदार असू शकतात.

उशिराची आणि मर्जीची ही कथा फक्त आपलीच नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९१९ पासून पिस्तूल विकत घ्यायला स्थानिक परवाना लागत असे, आणि चांगल्या चारित्र्याचा माणूस कोण हे अधिकारी ठरवी. गुलामी संपल्यानंतर काळ्या माणसांना कायद्याने दाबून ठेवण्याचा तो काळ. चारित्र्य कोणाचं चांगलं ठरलं असेल, अंदाज करा. २०२३ मध्ये गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून विधिमंडळाने ही पद्धत रद्द केली, आणि रद्द करणाऱ्यांनी हाच इतिहास पुढे केला. पण आता खासगी विक्रीत पिस्तूल घेणाऱ्याची पडताळणी कोण करणार, असं विरोधक विचारत राहिले. मर्जीचा दोष काढायचा म्हणून तपासणीच काढून टाकायची, हा इलाज मला नको. नीट तपासा, पण उत्तर द्या, एवढंच.

तपासून दिलेल्या परवान्याचं पुढे काय होतं, हेही उल्हासनगरने पाहिलं आहे. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा होता. पिस्तूल परवान्याचं होतं. गोळ्या झाडल्याचं त्यांनी स्वतः एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं. महेश गायकवाड वाचले, खटला न्यायालयात आहे, त्याबद्दल मी बोलत नाही. माझा विद्यार्थी मात्र बोलला. “सर, त्यांना कोणी विचारलं असेल का, गरज काय म्हणून?” विचारलंच असेल. पण रकाना भरणारा आणि रकाना वाचणारा यांच्यात किती अंतर असतं, ते माणसागणिक बदलतं. १८७८ च्या यादीत राजे आणि जमीनदार होते. ती यादी कायद्यातून गेली.

दुसरं टोकही आहे. संजय दत्तकडे परवान्याची तीन हत्यारं होती, तरी ९ एमएम पिस्तूल आणि एके-५६ बेकायदा बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली तो दोषी ठरला आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोषी ठरवणं कायम केलं. माझ्या विद्यार्थ्यालाही ‘नाइन एमएम’च हवं होतं, सिनेमात तेच असतं म्हणून. त्याला सांगितलं, बाबा, ते प्रतिबंधित बोअर आहे. सामान्य माणसाला .३२ मिळतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्ये त्यांनीच बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. शनिवारचा पगार रोखीत वाटणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटला.

काडतुसांचं बोलणं निघालं तेव्हा मी आतून अब्बांचा जुना डबा आणला. अब्बा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. काडतुसाची पुंगळी ज्या पितळी कपापासून ओढतात, ते कप इथे होतात. पुढचं काम वरणगाव, खडकी अशा ठिकाणी. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं असतात, किर्की फॅक्टरी. अब्बांनी आयुष्यभर पितळ हाताळलं, गेटवर रोज अंगझडती दिली, आणि घरात शिकारीचा साधा छर्राही कधी आणला नाही. डब्यात त्यांचा पितळी टोकन-बिल्ला आहे. तिथल्या गेटवर झडती सगळ्यांची व्हायची, शिंदे असो की शेख. अब्बांना तिचा कधी अपमान वाटला नाही.

पोराने बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

मग आम्ही रकाना भरला. घटनेची तारीख, जागा, पोलिसांत दिलेल्या तक्रारीचा नंबर, दर शनिवारी नेतो ती रक्कम आणि रस्ता. ‘जिवाला धोका’ हे शब्द त्याला घालायचे होते, मी घालू दिले नाहीत. धोका आहे की नाही ते त्यांनी ठरवावं, आपण घडलेलं लिहायचं. एक गोष्ट त्याला दोनदा बजावली. अर्ज ऑनलाइन भरलास तरी कागदांचा एक संच हाताने दे, आणि दुसऱ्या संचावर तारीख आणि शिक्क्यासह पोच घे. पुढचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.

जाताना त्याने विचारलं, “आणि नाही म्हणाले तर?”

“लेखी घे,” मी म्हटलं. “अपील मी लिहून देतो.”